झरोक्याची कड

(गदामिस गावातल्या एका घराची खालची बैठक. लमीन शेगडीवर चहा उकळतो आहे. समोर गालिच्यावर त्याचे होणारे सासरे, गवंडी हाज यूशा, मांडीवर एक मासिक घेऊन बसले आहेत. उंच छताच्या मधोमध उजेडासाठी ठेवलेला चौकोनी झरोका, त्याच्या वर गच्ची. गच्चीवर लमीनची थोरली बहीण तिबरा. ती दिसत नाही, फक्त तिचा आवाज येतो.)

हाज यूशा: आणि हे मधे पांढरं वाटोळं काय आहे?

लमीन: बाझीन, काका! परातीतला जवाचा गोळा. भोवतीचं काळं म्हणजे रस्सा.

हाज यूशा: सत्तर वर्षं बाझीन खातोय, पण ओळखू आलं नाही बघ. मला वाटलं, विहिरीत चंद्र पडलाय.

लमीन: तीच तर सगळी करामत आहे! आपल्याकडे फोटो म्हटलं की काय करतात? माणसाला भिंतीशी उभं करायचं, छाती पुढे काढायला लावायची आणि समोरून खटका दाबायचा. मग तो माणूस चौकीत धरून आणल्यासारखा दिसतो. मी म्हटलं, समोरून काढायचाच नाही. वरून काढायचा. अगदी डोक्यावरून. वस्तू रोजचीच, पण बघणाऱ्यानं चक्रावून जायला पाहिजे. त्रिपोलीचे परीक्षक काय म्हणतात वाचू? 'छायाचित्रकाराने जेवणाच्या परातीचे सूर्याचे चाक केले आहे.' सूर्याचं चाक, काका!

हाज यूशा: गल्लीतल्या बरकानं दुकानात वाचून दाखवलं. दोनदा.

लमीन: सगळी गल्ली ऐकत होती म्हणे.

हाज यूशा: दुकानापुढच्या बाकावर अकरा जण होते. तुझा चहा उतू चाललाय.

लमीन: अरे हो. घ्या, हा पहिला. कडू आहे, जपून.

हाज यूशा: हं.

तिबरा: लमीन, साखर आहे ना खाली? टोपली सोडू?

लमीन: नको ताई, सगळं आहे. तू तुझं काम कर.

हाज यूशा: तिबरा आहे वाटतं वर.

लमीन: ती काय, कायमच वर.

हाज यूशा: बायका वर, आपण खाली. आपलं गावच तसं बांधलंय, गल्ल्यांवरसुद्धा छत आणि वर गच्चीला गच्ची लागलेली. निम्मं तर मीच बांधलंय. बरं, मला सांग, फोटो वरून काढला म्हणतोस. किती वरून?

लमीन: बराच.

हाज यूशा: बराच म्हणजे? गवंडी आहे मी, आकडा ऐकल्याशिवाय चैन पडत नाही.

लमीन: असेल दहा-एक हात.

हाज यूशा: दहाच. माझ्या बैठकीचं छत जमिनीपासून दहा हात आहे. ही माझीच बैठक ना?

लमीन: तुमचीच की. चार महिन्यांपूर्वी लग्न ठरवायला जमलो, फातिहा वाचली, त्या दिवसाचा आहे हा. म्हटलं, आठवण राहील.

हाज यूशा: राहिली. मग दहा हातांवर तू कशावर उभा होतास?

लमीन: शिडीवर.

हाज यूशा: कुणाच्या?

लमीन: तुमच्याच. कोपऱ्यात नव्हती का?

हाज यूशा: माझी शिडी तेव्हा महिनाभर मशिदीच्या कामावर होती. आणि असती तरी काय? एक माणूस आमच्या डोक्यावर लोंबकळतोय, खाली आम्ही आठ जण जेवतोय, आणि कुणाचीच मान वर झाली नाही?

लमीन: शिडी नाही, चुकलो मी. काठी, काका. लांब काठीला कॅमेरा बांधायचा, खटक्याला दोरा लावायचा आणि खालून ओढायचा. बाहेरच्या देशांत सगळे असंच करतात.

हाज यूशा: खालून.

लमीन: खालून. कुणाला पत्ताही लागत नाही.

हाज यूशा: मग हा कोपरा बघ. फोटोचा. मला चष्म्याशिवाय दिसला, तुला दिसायला हरकत नाही.

लमीन: सावली आहे ती.

हाज यूशा: सावलीला खळगे नसतात. हा गिलावा आहे, आणि त्यात तीन खळगे आहेत. दिसले? मी झरोका बांधला की त्याची कड ओली असताना तिच्यात तीन बोटं दाबतो. माझ्या बापाचीही तीच खूण होती. पण ती दाबायची वरच्या अंगाला, गच्चीकडून. बैठकीत बसणाऱ्याला ती उभ्या जन्मात दिसायची नाही. काठीवरचा कॅमेरा छताच्या खाली राहणार. त्याला कडेची वरची बाजू कशी दिसली?

लमीन: काका, ते काय आहे, भिंगामुळे कधी कधी...

हाज यूशा: भिंगाला दगडाच्या आरपार दिसत नाही. दुसरा चहा ओत.

लमीन: ओततो.

हाज यूशा: पेल्याबाहेर का ओततोयस?

लमीन: किटली गरम आहे.

हाज यूशा: आता नीट ऐक. त्या दिवशी तू जेवता जेवता उठलास. हात धुवायला जातो म्हणालास आणि बराच वेळ आला नाहीस. तेवढ्यात बरका आला. मी त्याला म्हटलं, टेक इथं, आणि तो तुझ्या जागी बसून दोन घास जेवला. खरं ना?

लमीन: खरं.

हाज यूशा: फोटोत आठ डोकी आहेत. सात टोप्यांची, एक उघडं. दुकानात बरका नाचायलाच लागला, हे उघडं डोकं माझं, मी मासिकात आलो म्हणून. गावात दिवसाउजेडी टोपीशिवाय हिंडणारा तोच एक. सगळ्यांना पटलं. मलाही पटलं. आणि मग मी जागा मोजल्या. बरका जर फोटोत आहे, तर तू कुठे होतास?

लमीन: काका...

हाज यूशा: दहा जणांना चाक दिसलं. अकरावा ओमरान. तोही गवंडीच, माझी खूण ओळखतो. त्यानं त्या कोपऱ्यावर बोट ठेवलं, माझ्याकडे बघितलं आणि मासिक मिटून माझ्या हातात दिलं. पण तिसऱ्या प्रहराची अस्रची नमाज झाली की सगळे बाकावर जमतील, आणि तेव्हा तो बोलेल. म्हणून मी आत्ता आलोय. तू माझ्या गच्चीवर चढलास?

लमीन: लग्न तीन दिवसांवर आलंय, काका.

हाज यूशा: मला दिवस मोजता येतात. त्या दुपारी माझ्या गच्चीवर वीस-बावीस बायका होत्या. माझ्या घरातल्या, शेजारच्या. डोक्यावरचं काढून, केस सोडून मेंदी लावत बसल्या होत्या. महजूबा त्यांच्यात होती. मी पन्नास वर्षं या गावात काम करतोय. गवंड्याला दुसऱ्याच्या गच्चीवर जावंच लागतं. पण तोही जिन्याच्या तोंडाशी थांबतो, तीन हाका मारतो, आणि वरून बाई 'ये' म्हणेपर्यंत पायरी चढत नाही. पन्नास वर्षांत मी एकदासुद्धा घाई केलेली नाही. आणि माझा जावई चोरासारखा वर जाऊन माझी लेक बघून आला?

लमीन: मी तिला बघितलं नाही! शप्पथ सांगतो.

हाज यूशा: मग चढलास का नाही, ते सांग. चढलास, तर मी आत्ता उठतो आणि घरी जाऊन सांगतो, लग्नाच्या चुली विझवा. नाही चढलास, तर कॅमेरा कुणाच्या हातात होता ते सांग. मधलं काही नको.

लमीन: मी... मी हाका मारल्या होत्या.

हाज यूशा: काय?

लमीन: तीन हाका. जिन्याच्या तोंडाशी उभं राहून, गवंडी मारतात तशाच. वरून कुणीतरी 'ये' म्हणालं.

हाज यूशा: कोण?

लमीन: बाईचा आवाज होता.

हाज यूशा: वर बायकाच होत्या. कोण?

लमीन: मला वाटतं, महजूबाच असेल.

तिबरा: लमीन!

लमीन: ताई, तू मधे बोलू नकोस.

तिबरा: बोलणार! जीभ कशी रे रेटली तुझी? तीन दिवसांनी जिला घरी आणायची, तिच्यावर ढकललंस?

हाज यूशा: तिबरा, पोरी, मी तुझ्या भावाशी बोलतोय.

तिबरा: आणि मी अर्धा तास इथं पालथी पडून ऐकतेय, काका. झरोका तुम्हीच बांधलाय, आवाज चांगला येतो. महजूबानं कुणाला वर बोलावलं नाही. कुणी हाका मारल्या नाहीत. गच्चीवर कुणी पुरुष आलाच नव्हता. तो फोटो मी काढलाय.

लमीन: मला वाचवायला बोलतेय ती, काका. बहीण आहे शेवटी.

तिबरा: तुला वाचवायला? अरे, तुला वाचवायचं असतं तर गप्प बसले असते की! चार महिने बसलेच ना?

हाज यूशा: थांबा दोघंही. तिबरा, भावासाठी बहिणी खोटं बोलतात. माझ्या बहिणीही बोलल्यात. तुझ्या नुसत्या शब्दावर मी ओमरानच्या तोंडाला कुलूप लावू शकत नाही. त्याच्यासमोर ठेवता येईल असं काही आहे तुझ्याकडे?

तिबरा: तुमच्या मांडीवरच आहे. ते उघडं डोकं बघा.

हाज यूशा: बरकाचं.

तिबरा: बरकाचं नाही. बरकाच्या टाळूला नाण्याएवढं टक्कल पडलंय. त्याला स्वतःलाच ठाऊक नाही.

हाज यूशा: बरकाला टक्कल?

तिबरा: ताडमाड उंच तो, त्याची टाळू तुम्हाला कधी दिसणार? आम्हाला रोज दिसते. तुम्हाला वरून सगळी डोकी सारखी वाटतात, काका. आम्ही जन्मभर तुमची डोकीच बघत आलोय. कोण खालून चाललंय ते आम्ही न विचारता सांगतो. त्या फोटोतल्या डोक्यावर केस दाट आहेत, आणि मधोमध खजुराच्या बीएवढी जागा कोरी आहे. दिसते का?

हाज यूशा: थांब. हं... आहे. मला वाटलं, छपाईचा डाग आहे.

तिबरा: माझा डाग आहे तो. लमीन सहा वर्षांचा होता, अजून आमच्यात गच्चीवर खेळायचा. मी दोरीनं बादली ओढत होते, ती निसटून त्याच्या डोक्यात बसली. तिथं परत केस आले नाहीत. त्यानंतर तो खाली गेला, टोपी घालायला लागला, आणि ती खूण आईशिवाय आणि माझ्याशिवाय कुणाला ठाऊक राहिली नाही.

हाज यूशा: लमीन.

लमीन: लहानपणीच्या गोष्टी आहेत, काका. तिला काय, काहीही आठवतं.

हाज यूशा: टोपी काढ.

लमीन: काका, मी आता लहान आहे का? तीन दिवसांनी तुमचा जावई...

हाज यूशा: ते अजून ठरायचंय. काढ.

लमीन: ही काढली.

हाज यूशा: पुढे ये. असा नाही, उजेडात ये. झरोक्याखाली. मान खाली घाल. आणखी... हं. खजुराच्या बीएवढीच आहे.

लमीन: काका, मी सांगतो.

हाज यूशा: आता मला आठवलं. उकडत होतं, आणि मीच तुला म्हटलं, टोपी काढून ठेव पोरा, आता तू घरचा झालास. म्हटलं होतं ना?

लमीन: म्हटलं होतं.

हाज यूशा: म्हणजे तू माझ्या शेजारी बसला होतास. हे तू पहिल्या घोटालाच सांगितलं असतंस तर मी तुला मिठी मारली असती. 'काका, मी वर गेलोच नाही, हा बघा मी फोटोत', एवढंच! त्याऐवजी माझ्या लेकीच्या अब्रूवर पाय देऊन उभा राहिलास. कशासाठी?

लमीन: मी फोटोत आहे म्हटलं, तर काढला कुणी हे आलंच ना.

हाज यूशा: येऊ दे की!

लमीन: नोकरी गेली असती. बक्षिसाबरोबर पत्र आलंय, मासिकात छायाचित्रकार म्हणून घेतायत मला. पुढच्या आठवड्यात महजूबाला घेऊन त्रिपोलीला जायचं, खोलीसुद्धा बघून ठेवलीय. अहो काका, मी काही चोरायला निघालो नव्हतो. ताईचा फोटो तिच्या नावानं पाठवला असता तर गावानं काय म्हटलं असतं? बाई गच्चीवरून पुरुषांचे फोटो काढते?

तिबरा: मी म्हटलंच होतं, माझं नाव घालू नकोस. बाबांचं घाल, कॅमेरा त्यांचा आहे. तू म्हणालास, घराच्या नावानं पाठवतो.

लमीन: पाठवतानाच हात वळला. मग छापून आलं, लोक रस्त्यात थांबवायला लागले. बाबा गेल्यापासून मला या गल्लीत कुणी थांबवून विचारलं नव्हतं. बरं वाटलं मला. खोटं कशाला बोलू, फार बरं वाटलं.

तिबरा: आणि तिकडे फोटो कोण काढणार होतं? तुला तर रीळसुद्धा नीट भरता येत नाही.

लमीन: शिकलो असतो.

तिबरा: त्या दाराशी ठेवलेल्या पिशवीत काय आहे ते पण काकांना सांग.

लमीन: ताई, ते राहू दे.

तिबरा: बाबांचा कॅमेरा आहे, काका. माझ्या लोकरीच्या शालीत गुंडाळून भरताना आज वरून दिसला. काल मी सगळं घर पालथं घातलं. मला रडू आवरलं नाही. लग्नघरात बाई रडली तर कुणी कारण विचारत नाही, तेवढंच बरं झालं. फोटोखाली नाव कुणाचंही असू दे, मला त्याचं एवढं नाही. पण कॅमेरा गेला, तर इथं वर मी करू काय? मिरच्या वाळवू?

हाज यूशा: तुझ्याशीही मला बोलायचंय, पोरी. तू काही धुतल्या तांदळासारखी नाहीस. आम्ही जेवत होतो. गाफील होतो. आम्हाला विचारलंस तू?

तिबरा: नाही विचारलं.

हाज यूशा: मधेच उजेड कमी झाला होता. आठवतंय मला. मी म्हटलं, ढग आला असेल. जून महिन्यात, गदामिसमध्ये ढग! आणि मी मुकाट पुढचा घास घेतला. मूर्ख म्हातारा.

तिबरा: माझंच डोकं आड आलं होतं. नंतर मी सरकून हात लांब केले.

हाज यूशा: आम्ही तुमच्याकडे यायचं तर तीन हाका मारतो. तुम्ही मात्र वरून बिनबोभाट बघणार?

तिबरा: बघतोच, काका. तुम्ही बांधलेल्या झरोक्यातून दुसरं काय करायचं? कॅमेरा नव्हता तेव्हाही बघत होतो.

हाज यूशा: माझी बायकोही बघायची?

तिबरा: रोज. तुम्ही कामावरून येऊन पगडी सोडलीत की त्या खाली बघून म्हणायच्या, आज उन्हात फार वेळ काम केलंय. मग सरबत सोडायच्या.

हाज यूशा: मला वाटायचं, तिला पावलं ऐकून कळतं... जाऊ दे ते. लमीन, डोकं वर कर. हा फोटो चार महिने तुझ्या नावावर आहे. पन्नास जणांना दाखवला असशील. यात काय आहे?

लमीन: म्हणजे?

हाज यूशा: विचारलंय ते सांग. काय आहे?

लमीन: गोल आहे. मधे प्रकाश, भोवती हात. चाकाचे आरे असतात तसे.

हाज यूशा: आणखी?

लमीन: सावल्या. परातीची नक्षी. आणखी काय असणार?

हाज यूशा: तिबरा, तू सांग.

तिबरा: सांगू? तुम्हाला आवडायचं नाही.

हाज यूशा: आजचं मला काहीच आवडलेलं नाही. सांग.

तिबरा: एक हात आहे, त्याचं मधलं बोट अर्धं तुटलेलं आहे. मांसाचा मोठा तुकडा त्याच्या वाट्याला आलाय. तो हात त्या तुकड्याला दोन बोटांनी गोळ्याच्या आडून हळूच शेजाऱ्याकडे सरकवतोय. शेजारचा उघड्या डोक्याचा माणूस दुसरीकडेच बघतोय. समोरून बघणाऱ्याला ते दिसलं नसतं, गोळा आड आला असता. मला वरून दिसलं, म्हणून मी खटका दाबला. चाकबिक मला ठाऊक नव्हतं.

लमीन: अर्धं बोट... काका, हा तुमचा हात आहे?

हाज यूशा: गावात दुसऱ्या कुणाचं बोट दगडाखाली गेलंय?

लमीन: मला वाटलं होतं, मांस माझ्याच बाजूला वाढलं होतं.

हाज यूशा: दर घासाला तुझ्याच बाजूला कसं येईल, गाढवा? बापाविना पोर, लाजत होतास, नुसता गोळा मोडून खात होतास. म्हटलं, नीट जेवू दे.

लमीन: मला दिसलं नाही.

हाज यूशा: नाही ना. त्याचंच मला वाईट वाटतंय. खोट्याचं पण वाटतंय, पण याचं जास्त.

लमीन: काका, मला माफ करा. पाया पडतो तुमच्या.

हाज यूशा: माझ्या पडून उपयोग नाही. नमाज झाली की तू माझ्याबरोबर बाकावर येणार. ओमरान असेल, बरका असेल, सगळे असतील. सगळ्यांसमोर सांगायचं, फोटो माझ्या बहिणीनं काढला, त्याच्याखाली नाव मी लावलं आणि विचारल्यावर खोटं बोललो. एवढंच. पाल्हाळ लावायचं नाही.

लमीन: हसतील सगळे.

हाज यूशा: हसू देत. बरका तर रडेल. त्रिपोलीला पत्र आज रात्री तुझ्याच हातानं लिहायचं.

लमीन: आणि लग्न?

हाज यूशा: ते आता माझ्या हातात नाही. नाव तू महजूबाचं घेतलंस. मी घरी जाऊन तिला सगळं सांगणार, तू म्हणालास ते, जसंच्या तसं. मग ती ठरवेल.

तिबरा: काका, तिला सांगायला जाऊ नका.

हाज यूशा: का? लपवू?

तिबरा: तिला ठाऊक आहे. मी अर्धी झरोक्यावर लोंबत होते, कुणीतरी धरायला नको का? माझे पाय तिनंच धरले होते.

लमीन: महजूबानं?

तिबरा: दोन्ही हातांनी. मेंदी ओली होती तिची, माझे घोटे आठ दिवस लाल होते. फोटो तुझा नाही हे तिला पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे, लमीन. चार महिने वाट बघतेय ती, हा आपणहून कधी बोलतो म्हणून. मी दोनदा म्हटलं, मी सांगते काकांना. ती म्हणाली, नको, त्याचा तो सांगेल.

लमीन: चार महिने?

तिबरा: परवा म्हणाली, लग्नाआधी सांगेल.

लमीन: अरे देवा.

हाज यूशा: मला एका शब्दानं बोलली नाही पोरगी.

तिबरा: तुम्ही तिला विचारलं नाहीत. लमीनला विचारायला आलात.

हाज यूशा: हं... खरंय. बाकाच्या वर कुणाची गच्ची येते?

तिबरा: ओमरानकाकांची. तिथं आज शेवया वळायला सगळ्या जमल्यात. महजूबाही.

हाज यूशा: ऐकलंस, लमीन? बाकाच्या वर झरोका आहे. मीच ठेवलाय तिथं. मोठ्यानं बोल. ती वरून ऐकेल, आणि मग काय ते ठरवेल.

लमीन: बोलेन.

हाज यूशा: महजूबानं 'ये' म्हटल्याचं जे माझ्यापाशी बोललास, तेही?

लमीन: तेही. तेच आधी बोलेन.

हाज यूशा: बरं. तिबरा, टोपली सोड.

तिबरा: साखर संपली ना? मी मघाशीच विचारत होते.

हाज यूशा: सोड तू. लमीन, पिशवी इकडे आण. काढ. शालीसकट ठेव, धक्का लागायला नको. दोरी घट्ट आहे? ओढ, पोरी. हळू.

तिबरा: आला.

हाज यूशा: नीट आहे का बघ.

तिबरा: नीट आहे. रीळ उलटं भरलंय फक्त.

हाज यूशा: आता एक माझंही ऐकायचं. आम्ही हाका मारतो ना, तशी तूही वरून बघायच्या आधी एकदा खोकायचं.

तिबरा: मी खोकले की तुम्ही सगळे छाती पुढे काढून बसणार!

हाज यूशा: बसू. मग आम्ही विसरेपर्यंत थांबायचं. आणि त्रिपोलीला काही पाठवायचं झालं, तर आधी मला दाखवायचं.

तिबरा: दाखवेन.

लमीन: काका, तिसरा चहा राहिलाय. शेंगदाणे भाजून ठेवलेत.

हाज यूशा: तो बाकावरून परत आल्यावर. यायची वेळ आली तर. चल, अजान होईल. आणि टोपी?

लमीन: राहू दे. असाच येतो. ओमरानकाकांनाही ती खूण बघायची असेल.

हाज यूशा: हं. तिबरा?

तिबरा: बोला, काका.

हाज यूशा: गुरुवारी लग्न झालंच, तर जेवण माझ्याच बैठकीत आहे. उद्या तीन हाका मारून वर जातो आणि झरोक्याची ती कड घासून काढतो. वरच्या अंगाला मी कधी हात फिरवला नाही, खरखरीतच राहिलीय. गेल्या वेळी कोपर सोललं असेल तुझं.

तिबरा: दोन्ही, काका.